परत आलेल्या पत्राचा पाठ : ईमेलच्या नकारपत्रांचे एक परीक्षण

१

पोथीचा पाठ निश्चित करू पाहणारा अभ्यासक मजकुराइतकेच लक्ष पोथीच्या कडांकडे देतो. समासात घातलेले शब्द, लेखनिकाने खोडून पुन्हा लिहिलेली अक्षरे, अखेरची पुष्पिका आणि तीत नोंदलेला शक व गाव यांवरून ती पोथी कोठून कोठे गेली आणि वाटेत तिच्यात काय पालट झाला, हे त्याला ताडता येते. जुन्या पत्रव्यवहाराच्या संशोधनात पाकिटावरील टपालाच्या शिक्क्यांना असेच महत्त्व आहे. परंतु आजचा आपला बहुतेक पत्रव्यवहार ज्या ईमेलने होतो, तिच्या पाकिटाकडे व शिक्क्यांकडे वाङ्मयाचा अभ्यासक सहसा पाहत नाही. तो तंत्रज्ञांचा प्रांत होय, अशी आपली समजूत असते. ही समजूत बरोबर नाही. ईमेल पोहोचली नाही म्हणजे जे नकारपत्र परत येते, तो एक मजकूरच असतो. त्याला लेखक असतो, परंपरा असते, आणि त्यात जितके सांगितलेले असते तितकेच दडविलेलेही असते. प्रस्तुत लेखात या नकारपत्रांचे, मजकूर या नात्याने, परीक्षण करावयाचे योजिले आहे.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित परंतु सर्वथा संभाव्य उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगरात एका घराच्या पुढच्या खोलीत चाललेले एखादे छोटे वाचनालय आहे. त्याने स्वतःचे डोमेन घेतले, जुन्या संगणकावर पोस्टफिक्स ही टपाल वाहणारी प्रणाली बसविली, आणि सभासदांशी होणारा सर्व पत्रव्यवहार आपल्याच सर्व्हरवर ठेवण्याचे ठरविले. पहिल्याच आठवड्यात त्याची निम्मी पत्रे परत आली. हे का घडले, याचे उत्तर त्या परत आलेल्या कागदांतच आहे. मात्र ते वाचण्याची रीत ठाऊक पाहिजे.

२

प्रथम परंपरेचा विचार केला पाहिजे. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राकडे टपाल कसे सोपवावे याचे नियम जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या लेखात ग्रथित केले. त्या लेखाची भाषा साधी, निःशंक आणि शेजारधर्माची आहे. दोन यंत्रे परस्परांना नाव सांगतात. एक म्हणते, अमक्याकडून पत्र आहे. दुसरे म्हणते, ठीक. प्रत्येक उत्तराला तीन अंकी संख्या दिलेली आहे : २५० म्हणजे स्वीकारले, ४५० म्हणजे तूर्त जमत नाही, ५५० म्हणजे नाही. पत्र पुढच्या यंत्राकडे पोहोचविणे, म्हणजेच रिले करणे, हे त्या काळी सौजन्य समजले जात असे. ज्याला थेट वाट नव्हती त्याचे टपाल वाटेतील कोणीही उचलून पुढे द्यावे, अशी रीत होती. जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी आरएफसी ९७४ मध्ये एमएक्स नोंदीचा वापर सांगितला. अमुक डोमेनचे टपाल अमुक यंत्राने घ्यावे, असे जगाला सांगणारी ही नोंद होय. भारताचे डॉट-इन हे डोमेन १९८९ मध्ये नोंदले गेले, आणि त्याचा कारभार दीर्घकाळ मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होता. त्या पिढीच्या व्यवहारात यंत्रे थोडी, माणसे परिचित, आणि विश्वास हाच नियम होता.

तो विश्वास पुढे ढळला. १९७८ मध्येच एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेटवरील सुमारे चारशे जणांना न मागितलेली जाहिरात पाठविली होती. नव्वदीच्या दशकात तिचा पूर आला. परक्याचे टपाल निमूटपणे पुढे देणारी यंत्रे या जाहिरातदारांनी हेरली आणि त्यांच्या खांद्यांवरून लक्षावधी पत्रे सोडली. फेब्रुवारी १९९९ मधील आरएफसी २५०५ ने असे उघडे रिले बंद ठेवण्याची स्पष्ट शिफारस केली. भाषाशास्त्रात ज्याला अर्थापकर्ष म्हणतात त्याचे हे बोलके उदाहरण आहे. सतरा वर्षांच्या आत ‘रिले’ हा शब्द सौजन्याच्या अर्थावरून दुर्वर्तनाच्या अर्थावर आला. पोस्टफिक्सचे कर्ते वीत्झे वेनेमा यांनी डिसेंबर १९९८ मध्ये आपली प्रणाली लोकांपुढे ठेवली, तेव्हा तिची मूळ वृत्तीच सावध होती. आजचे नकारपत्र समजून घ्यावयाचे तर ते या दोन युगांच्या सांध्यावर लिहिलेले आहे, हे ध्यानी ठेवले पाहिजे. शब्द पहिल्या युगाचे आहेत. भीती दुसऱ्या युगाची आहे.

३

आता प्रत्यक्ष मजकुराकडे वळू. आमच्या वाचनालयाला सर्वाधिक वेळा आढळणारा शेरा ‘रिलेला प्रवेश नाकारला’ अशा आशयाचा असतो. सोबत ५५४ ही संख्या आणि ५.७.१ हा उपक्रमांक. या एका वाक्याचे दोन परस्परविरुद्ध अर्थ होतात, आणि बहुतेक घोटाळा त्यातूनच उद्भवतो.

पहिला अर्थ असा : वाचनालयाचा कार्यवाह बाहेरगावाहून आपल्याच सर्व्हरमार्फत परगावच्या सभासदाला पत्र पाठवू पाहतो, परंतु नाव व पासवर्ड देऊन आपली ओळख पटवीत नाही. सर्व्हरच्या दृष्टीने हा परका मनुष्य परक्याला पत्र पाठवीत आहे. तो नकार देतो, आणि तो नकार सर्वस्वी योग्य असतो. येथे दोष पाठविणाऱ्याचा. त्याने ५८७ या पोर्टवरून ओळख देऊन पत्र सोपवावे, म्हणजे काम होते.

दुसरा अर्थ याच्या उलट आहे. सभासदाने वाचनालयाला पत्र लिहिले. एमएक्स नोंदीप्रमाणे ते योग्य यंत्राच्या दारी आले. परंतु त्या यंत्राला आपणच या डोमेनचे धनी आहोत हे कोणी सांगितलेले नाही. डोमेनचे नाव पोस्टफिक्सच्या आपल्या मुक्कामांच्या यादीत घातलेले नाही. तेव्हा घरच्याच पत्राला ते परक्याचे समजते आणि त्याच शब्दांत परत पाठविते. येथे दोष सर्व्हरचा. त्याचे कुलुप उघडून उपयोग नाही. त्याला त्याचे नाव सांगितले पाहिजे.

शब्द तेच, अंक तेच, परंतु उपाय विरुद्ध. घाईचा मनुष्य हा भेद न पाहता विश्वासू पत्त्यांच्या यादीत सगळे जग घालतो. त्याने पहिला नकार थांबतो, आणि वाचनालय त्याच क्षणी उघडे रिले बनते. काही तासांत अनोळखी लोक त्याच्या नावाने जाहिराती पाठवू लागतात आणि जगातील काळ्या याद्यांत त्याचा पत्ता चढतो. चुकीचा अर्थ लावून केलेली दुरुस्ती मूळ अपपाठापेक्षा घातक ठरते, हे पाठचिकित्सेतील तत्त्व येथे अक्षरशः खरे ठरते. म्हणून कोणताही शेरा वाचताना पहिला प्रश्न हा विचारावा : हे वाक्य कोण बोलत आहे, माझा सर्व्हर की पलीकडचा? आणि दुसरा : पत्र आत येत होते की बाहेर जात होते? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याविना एकही अक्षर बदलू नये.

डोमेनच्या नोंदींतील चुकाही अशाच अक्षरनिष्ठ असतात. नोंदीच्या फायलीत पूर्ण नाव लिहून अखेरचा बिंदू राहिला, तर त्या नावाच्या शेवटी डोमेनचे नाव आपोआप पुन्हा जोडले जाते, आणि जगात अस्तित्वात नसलेल्या यंत्राकडे टपाल वळते. अनुस्वाराच्या एका बिंदूने एकवचनाचे अनेकवचन होते, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. एमएक्स नोंदीत यंत्राचे नाव हवे. तेथे अंकी पत्ता अथवा टोपणनाव चालत नाही. अमुक यंत्रे माझ्या वतीने पत्र पाठवू शकतात असे जाहीर करणारी एसपीएफ नोंद एका डोमेनला एकच असावी लागते. जुनी न काढता नवी घातली तर दोन्ही निकामी होतात. त्या नोंदीची उकल करताना दहापेक्षा अधिक चौकशा कराव्या लागल्या तरी ती बाद ठरते. हे नियम वाचताना कोणास व्याकरणाच्या सूत्रांची आठवण झाली तर नवल नाही. सूत्रात एक मात्रा अधिक झाली तरी अर्थ बिघडतो.

४

नकारपत्राखालोखाल महत्त्वाचा मजकूर म्हणजे पत्राच्या माथ्यावरील प्राप्तीच्या ओळी होत. पत्र ज्या ज्या यंत्रातून जाते ते यंत्र आपली एक ओळ सर्वांत वर लिहिते : कोणाकडून मिळाले, कोणी घेतले, केव्हा. म्हणून हा इतिहास खालून वर वाचावा लागतो. पुष्पिकेप्रमाणेच या ओळींतही खोटेपणा शिरू शकतो. आपल्या स्वतःच्या यंत्राने लिहिलेली ओळ तेवढी निःसंशय खरी. तिच्या खालच्या ओळी पाठविणाऱ्याने रचलेल्या असू शकतात. वेळेच्या नोंदी ताडून पाहिल्या म्हणजे पत्र कोठे अडले तेही कळते. तीन यंत्रांतून क्षणात गेलेले पत्र चौथ्यापाशी सहा तास राहिले असेल, तर शोध त्या चौथ्यापाशी सुरू करावा.

ईमेलला दोन पत्ते असतात, हेही येथे सांगितले पाहिजे. पाकिटावरचा पत्ता यंत्रे परस्परांना सांगतात; मायन्यातला पत्ता वाचकाला दिसतो. हे दोन्ही एकच असलेच पाहिजेत असे नाही, आणि सर्व लबाडी या फटीत वावरते. ती बुजविण्यासाठी तीन उपाय क्रमाने निघाले. एसपीएफ २००६ मध्ये लेखबद्ध झाले. ते पाकिटावरचा पत्ता व पाठविणारे यंत्र यांचा मेळ पाहते. डीकेआयएम २००७ मध्ये आले. ते मजकुरावर मुद्रा उमटविते. डीमार्क मार्च २०१५ मध्ये आले. या दोहोंपैकी निदान एकाचा मायन्यातील नावाशी मेळ असावा, असा त्याचा आग्रह आहे.

यांपैकी डीकेआयएमची कल्पना या भूमीतील वाचकाला परकी वाटू नये. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढे कोणी तीत आपली ओवी मिसळू नये असा कडक इशारा दिला. इशाऱ्याने प्रक्षेप थांबतो असे नाही; परंतु प्रक्षेप हा दोष आहे, हे त्याने कायमचे ठरून जाते. डीकेआयएमची मुद्राही प्रक्षेप थांबवीत नाही. झाला तर उघडकीस आणते. मजकुराच्या तळाशी कोणी एखादी ओळ जोडली की मुद्रा जुळत नाही. पत्र सद्हेतूने पुढे धाडणाऱ्या गटांच्या यंत्रांनी तळटीप जोडल्यामुळे निर्दोष पत्रे नाकारली जातात, ती याच कारणाने. लेखनिकाचा हेतू चांगला होता एवढ्याने पाठ शुद्ध ठरत नाही.

५

येथवर नियमांची बाजू झाली. आता न्यायाची बाजू पाहू. पुंडलिकनगरातील वाचनालयाने सर्व नोंदी बिनचूक केल्या तरी त्याचे पत्र पोहोचेलच, असे नाही. घरगुती इंटरनेट जोडणीला मिळणारा पत्ता बहुधा बदलता असतो. अशा पत्त्यांवरून थेट टपाल येऊ नये म्हणून ते पत्ते सरसकट याद्यांत घातलेले असतात. पुष्कळ ठिकाणी २५ क्रमांकाचे पोर्टच बंद ठेवलेले असते. अंकी पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद करण्याचा अधिकार ग्राहकाकडे नसतो, तो जोडणी देणाऱ्याकडे असतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी सर्व प्रेषकांस एसपीएफ अथवा डीकेआयएम आणि जुळती उलटी नोंद आवश्यक केली, आणि मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांस तिन्ही उपाय सक्तीचे केले. गूगलने ही मोठी संख्या दिवसाला पाच हजारांहून अधिक अशी धरली आहे.

या नियमांविरुद्ध सरसकट तक्रार करणे योग्य होणार नाही. ज्या दारावर लक्षावधी खोटी पत्रे धडका देतात त्या दाराने ओळख विचारावी, हे रास्तच आहे. आक्षेप आहे तो नकाराच्या भाषेवर. ‘आमच्या धोरणानुसार नाकारले’ एवढेच म्हणणारा शेरा हा उत्तर नसून उत्तराचा अभाव होय. कोणते धोरण, कोणती यादी, कोणती नोंद, हे न सांगता दिलेला नकार प्रामाणिक मनुष्याला सुधारण्याची वाट ठेवीत नाही. आणि लबाड मनुष्याला त्याने काही अडत नाही, कारण तो दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या पत्त्यावरून येतो. याहूनही वाईट प्रकार म्हणजे २५० म्हणून पत्र स्वीकारावयाचे आणि मग ते कोणास न कळविता टाकून द्यावयाचे. नियमांप्रमाणे २५० हे वचन आहे : पत्र पोहोचवीन, न जमल्यास कळवीन. ते वचन मोडणाऱ्या शांततेपेक्षा कठोर ५५० बरे. प्रत्येक डोमेनने पोस्टमास्तर या नावाने आलेले पत्र घ्यावे, हा नियम अद्यापही लागू आहे. त्याला मिळणारे मौन हे परंपरेच्या ऱ्हासाचे लक्षण आहे.

यावर पूर्वपक्ष असा : मग इतका खटाटोप कशासाठी? वाचनालयाने आपले टपाल एखाद्या मोठ्या कंपनीकडे सोपवावे आणि निश्चिंत असावे. व्यवहाराच्या दृष्टीने हा पक्ष दुबळा नाही. परंतु पत्रव्यवहार हे संस्थेचे दप्तर असते. ते कोठे असावे, किती वर्षे राहावे आणि कोणी वाचावे, याचा निर्णय दुसऱ्याच्या अटींवर सोडणे म्हणजे आपला इतिहास भाड्याच्या खोलीत ठेवणे होय. मधला मार्गही आहे. येणारे टपाल आपल्या सर्व्हरवर घ्यावे, आणि जाणारे टपाल स्थिर पत्ता असलेल्या दुसऱ्या यंत्रामार्फत, ओळख देऊन, पुढे धाडावे. मात्र त्या यंत्राचे नाव एसपीएफ नोंदीत यावे लागते, आणि मुद्रा आपल्या डोमेनच्या नावाने उमटावी लागते. नाही तर पत्र आपले आणि सही दुसऱ्याची, असा प्रकार होतो.

६

मराठीच्या अभ्यासकाला ज्याची सर्वाधिक चिंता वाटावी तो प्रश्न शेवटी घेतला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील डॉट-भारत हे डोमेन नोंदणीस खुले झाले. म्हणजे आमच्या वाचनालयाला आपले नाव आपल्या लिपीत घेता येते. परंतु डोमेनच्या जगाची जुनी यंत्रणा रोमन अक्षरेच ओळखते. म्हणून ‘भारत’ हे नाव आतून ‘एक्सएन’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या एका सांकेतिक रूपात लिहिले जाते. महानुभावांच्या सकळ लिपीप्रमाणेच हेही अक्षरांचे नियमबद्ध रूपांतर आहे, आणि जाणत्याला ते उलट वाचता येते. सर्व्हरवर डोमेनची नोंद करताना देवनागरी आणि सांकेतिक ही दोन्ही रूपे द्यावी लागतात. एकच दिले तर मागे सांगितलेला ‘रिले नाकारले’चा दुसरा अर्थ पुन्हा दारात उभा राहतो.

ही सोय डोमेनपुरतीच आहे. पत्त्यातील व्यक्तीचे नाव देवनागरीत असेल तर त्याला असे रूपांतर नाही. त्यासाठी फेब्रुवारी २०१२ मधील आरएफसी ६५३१ ने टपालाच्या नियमांत एसएमटीपीयूटीएफ-८ नावाची भर घातली. पोस्टफिक्सने ती २०१५ मध्ये स्वीकारली. जीमेलने अशी पत्रे २०१४ मध्येच चालू केली. परंतु अट अशी की, वाटेतील प्रत्येक यंत्राला ही भर मान्य असली पाहिजे. पाठविणारा मराठी, घेणारा मराठी, दोघांचेही सर्व्हर सज्ज. परंतु मधले रिले देवनागरी जाणत नसेल तर पत्र ५.६.७ हा क्रमांक घेऊन परत येते. ज्याला स्वतःच्या घरातून थेट पाठविता येत नाही आणि म्हणून दुसऱ्याचे रिले घ्यावे लागते, त्याची लिपीही त्या दुसऱ्याच्या मर्जीवर राहते. मागील भागातील न्यायाचा प्रश्न आणि हा लिपीचा प्रश्न येथे एक होतात.

याहून सूक्ष्म अडचण खास मराठीची आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या जोड्यांतील भेद मराठी लिपी काय तो पाळते. युनिकोडमध्ये हा आडवा रफार दोन रीतींनी लिहिता येतो : एक, ‘ऱ’ला हलन्त देऊन, दुसरी, ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राला मात्र ती भिन्न अक्षरावली वाटते, आणि प्रमाणीकरणाच्या नेहमीच्या नियमानेही ती एक होत नाहीत. डोमेनच्या २००३ च्या नियमांत तर ते न दिसणारे चिन्ह गाळले जात असे, म्हणजे दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या दऱ्यांचा दर्या होत असे. २०१० च्या नियमांनी हलन्तानंतर त्या चिन्हाला जागा दिली. परंतु जुन्या नियमाने चालणारे एखादे यंत्र भेटले तर एकच दृश्य नाव दोन ठिकाणी पोहोचू शकते. डोळ्यांना न दिसणारा पाठभेद हस्तलिखितांच्या परंपरेत संभवत नव्हता. तो या परंपरेने प्रथमच निर्माण केला. तेव्हा नाव घेताना ‘ऱ’चीच रीत पाळावी, आणि शक्य तेथे दुसरे रूपही आपल्याच नावे नोंदवून ठेवावे, एवढा व्यावहारिक बोध यातून निघतो.

७

एकंदर विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. नकारपत्र हे संकट नसून साक्ष आहे. तिची उलटतपासणी करताना वक्ता कोण, दिशा कोणती, तात्पुरता ४ चा नकार की कायमचा ५ चा, आणि दोष नावाचा, नोंदीचा की ओळखीचा, हा क्रम सोडू नये. ४ चा नकार असेल तर काही बदलू नये. सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि पोस्टफिक्स सामान्यतः पाच दिवस धीर धरते. एका वेळी एकच नोंद बदलावी, आणि तो बदल जगभर पोहोचण्यास जी मुदत नोंदीतच लिहिलेली असते ती जाऊ द्यावी.

नकार देणाऱ्यांकडूनही तितकीच अपेक्षा आहे. कारण न सांगता परत केलेले पत्र ही सत्तेची भाषा होय. कारण सांगून परत केलेले पत्र हा संवाद होय. पोस्टेल यांच्या लेखाची रचना या संवादावर आधारलेली होती. तो टिकला तर पुंडलिकनगरातील लहानशा वाचनालयालाही आपल्या नावाने, आपल्या लिपीत आणि आपल्या दारातून जगाशी पत्रव्यवहार करता येईल. तो लोपला तर मूठभर मोठ्या टपालघरांखेरीज इतरांच्या पत्रांना कोणी दार उघडणार नाही, आणि उद्याच्या संशोधकाच्या हाती आपल्या काळाच्या पत्रव्यवहाराचा परकी दप्तरात राहिलेला अवशेष तेवढा येईल.